शोशोची सही : १९२९ च्या ‘पिकॅडिली’ या मूकपटाविषयी

आजच्या धाग्यात लढाई नाही, तह नाही आणि किल्लाही नाही. भांडी घासणारी एक मुलगी, लंडनमधील एका नृत्यगृहाचा मालक आणि दोघांत झालेला एक करार, एवढीच सामग्री आहे. तरीही धागा लांब होणार आहे. सवडीने वाचावा.

निमित्त असे. २०२२ साली अमेरिकेने पाव डॉलरच्या नाण्यावर अ‍ॅना मे वाँग या अभिनेत्रीची मुद्रा उमटवली. तेव्हापासून तिची कृष्णधवल छायाचित्रे आणि चित्रफिती समाजमाध्यमांवर वरचेवर दिसू लागल्या आहेत. त्यांतील सर्वांत लोकप्रिय चित्रफीत एका नाचाची आहे: डोक्यावर उंच मुकुट, अंगावर चमचमता तोकडा पोशाख, आणि पाण्याखालून चालल्यासारखे संथ हात. तो नाच ‘पिकॅडिली’ या ब्रिटिश मूकपटातला. त्या चित्रफितीखाली दोन प्रकारची मते हमखास आढळतात. पहिले मत म्हणते, पाहा, अमेरिकेने जे दिले नाही ते युरोपने १९२९ मध्येच एका आशियाई स्त्रीला दिले. दुसरे म्हणते, दिले कसले, शेवटी तिला मारूनच टाकले ना!

दोन्ही मते खरी आहेत आणि दोन्ही घाईची आहेत. पडद्यावर कोणाचा चेहरा दिसतो एवढ्यावर प्रतिनिधित्वाचा हिशेब आपण फार लवकर मिटवतो. चेहरा दिसल्यानंतर त्या माणसाला काय काय करू दिले जाते, हे पाहायचे राहूनच जाते. शोशो नावाच्या पात्राला ‘पिकॅडिली’ काय करू देतो, कुठे थांबवतो आणि त्या थांबवण्याचे कारण स्वतःच कसे दाखवून बसतो, हे पाहण्यासाठी हा धागा.

प्रथम अभिनेत्रीविषयी. अ‍ॅना मे वाँगचा जन्म १९०५ चा, लॉस एंजेलिसमधला. तिच्या वडिलांची कपडे धुण्याची लाँड्री होती आणि त्यांचाही जन्म कॅलिफोर्नियातच झालेला होता. म्हणजे ही मुलगी जन्माने अमेरिकन, तीही पहिल्या पिढीची नव्हे. पण १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्याच्या अमलाखाली चिनी वंशाच्या अमेरिकन नागरिकालाही परदेशी जाण्यापूर्वी सरकारदरबारी एक अर्ज भरावा लागे, परतताना आपल्याला आत घ्यावे म्हणून. त्या अर्जाच्या शीर्षकातच अर्जदाराचा उल्लेख ‘कथित अमेरिकन नागरिक’ असा होता. ज्या देशात जन्मलो त्याच देशाच्या कागदावर आपण ‘कथित’! हा कायदा रद्द व्हायला १९४३ साल उजाडले.

१९२२ साली, सतरा वर्षांची असताना, ‘द टोल ऑफ द सी’ या आरंभीच्या रंगीत चित्रपटात ती नायिका झाली. कथेच्या शेवटी नायिका समुद्रात जीव देते. १९२४ साली ‘द थीफ ऑफ बगदाद’मध्ये ती मंगोल दासी होती. पुढे १९२७ च्या ‘मिस्टर वू’ या चित्रपटात मुख्य चिनी युवतीची भूमिका रेने अडोरे या गौरवर्णीय अभिनेत्रीला डोळ्यांचे रंगकाम करून देण्यात आली आणि खरी चिनी वंशाची वाँग तिच्या शेजारी दुय्यम पात्र म्हणून उभी राहिली. १९२८ साली ती अमेरिका सोडून बर्लिनला गेली, त्यामागची कारणे या यादीत पुरेशी स्पष्ट आहेत.

बर्लिनने तिचे स्वागत केले. रिखार्ड आइशबर्ग या दिग्दर्शकाच्या ‘साँग’ या चित्रपटात ती प्रमुख भूमिकेत आली. वाल्टर बेंजामिनसारख्या विचारवंताने तिची भेट घेऊन लेख लिहिला. आल्फ्रेड आयझेनश्टेट यांनी १९२८ च्या बर्लिनमधील एका मेजवानीत टिपलेले एक छायाचित्र तुमच्यापैकी अनेकांनी पाहिले असेल: मार्लेन डीट्रिख, अ‍ॅना मे वाँग आणि लेनी रीफेनश्टाल, तिघी एकमेकींना बिलगून उभ्या. सात वर्षांनी यांतली तिसरी हिटलरच्या न्यूरेंबर्ग मेळाव्याचे गौरवपट तयार करीत होती. छायाचित्राला पुढचे काही ठाऊक नसते. इतिहासाच्या अभ्यासकाला ते ठाऊक असते, म्हणून त्याने जुन्या छायाचित्राकडे दुप्पट सावधपणे पाहावे.

बर्लिनहून ती लंडनला आली. ‘पिकॅडिली’ची निर्मिती ब्रिटिश इंटरनॅशनल पिक्चर्स या संस्थेची, चित्रीकरण लंडनजवळच्या एल्स्ट्री येथील स्टुडिओत, आणि कथा-पटकथा आर्नल्ड बेनेट या नामवंत इंग्रज कादंबरीकाराची. मात्र दिग्दर्शक ई. ए. ड्युपाँ जर्मन ज्यू, छायालेखक वेर्नर ब्रांडेस जर्मन, कलादिग्दर्शक आल्फ्रेड युंगे जर्मन. श्रेयनामावलीत सर्वांत वरचे नाव गिल्डा ग्रे हिचे. ही पोलंडमध्ये जन्मून अमेरिकेत वाढलेली नर्तकी, ‘शिमी’ नावाच्या खांदे हलवण्याच्या नृत्यामुळे प्रसिद्धीस आलेली. आणि त्या नृत्याचे मूळ कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या नाचघरांत. या ‘ब्रिटिश’ चित्रपटातून परकी माणसे वजा केली तर बेनेटसाहेबांची कथा आणि लंडनचे धुके तेवढे उरेल! श्रेयनामावलीही मोठी गमतीदार आहे: पिकॅडिलीच्या रस्त्यावरून बसगाड्या धावतात आणि कलावंतांची नावे जाहिरातींप्रमाणे त्या बसगाड्यांवर झळकतात. नावांना शहर फिरायला मिळते. ती नावे धारण करणाऱ्यांना त्या शहरात कुठपर्यंत फिरता येईल, हा पुढच्या कथेचा विषय.

कथा अशी. व्हॅलेंटाइन विल्मॉट हा ‘पिकॅडिली क्लब’चा मालक. तिथे मेबल (गिल्डा ग्रे) आणि व्हिक यांचा जोडनाच गाजतो आहे. एका रात्री मेबल नाचत असताना एक जाडगेला ग्राहक आपल्या बशीवर डाग आहे म्हणून आरडाओरडा करतो. (हा ग्राहक म्हणजे चार्ल्स लॉटन, पुढे जगप्रसिद्ध झालेला नट. अवघ्या काही मिनिटांच्या भूमिकेत तो दृश्य खाऊन टाकतो.) डागाचा शोध घेत विल्मॉट दालनातून स्वयंपाकघरात जातो. तिथे सांगतात, हे आमचे काम नाही, खाली विचारा. तो आणखी खाली भांडी घासण्याच्या खोलीत उतरतो, तर तिथे बायका हातातले काम टाकून वर पाहत उभ्या आहेत, आणि टेबलावर चढून एक मुलगी नाचते आहे. तीच शोशो. विल्मॉट तिला तत्काळ कामावरून काढून टाकतो.

हे उतरत जाणे लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. वर झगमगाट, मध्ये वाफ, सर्वांत तळाशी पाणी आणि खरकटे. आणि त्या तळाशी परकी स्त्री. ड्युपाँने यासाठी एकही पाटी खर्च केलेली नाही, कॅमेरा नुसता जिना उतरतो. पण तळाशी पोचल्यावर एक वेगळीच गोष्ट घडते. वर मेबल ज्यांच्यासाठी नाचते ते जेवणारे लोक आहेत, त्यांचे अर्धे लक्ष ताटात. शोशो ज्यांच्यासाठी नाचते त्या भांडी घासणाऱ्या बायका आहेत, आणि त्या सारे विसरून पाहत आहेत. खरा प्रेक्षक कोणाला लाभला आहे, हे चित्रपट पहिल्या काही मिनिटांतच सांगून टाकतो.

व्हिक क्लब सोडून गेल्यावर मेबलची जादू ओसरते, आणि धंदा बसू लागल्यावर विल्मॉटला ती काढून टाकलेली मुलगी आठवते. तो शोशोला नोकरी देतो. आता करार. माझ्या मते या चित्रपटातील सर्वांत महत्त्वाच्या दृश्यांपैकी हे एक, आणि त्याची चित्रफीत कोणी फिरवत नाही. शोशो करारपत्रावर चिनी लिपीत सही करते, आणि उमटलेली अक्षरे शोशो या पात्राची नाहीत; ती अ‍ॅना मे वाँगच्या स्वतःच्या चिनी नावाची आहेत. इंग्रज लेखकाने लिहिलेल्या, जर्मन दिग्दर्शकाने रचलेल्या पात्राच्या आडून एक खरी बाई क्षणभर आपले नाव कागदावर ठेवून जाते. त्या वेळच्या लंडनमधील प्रेक्षकांपैकी किती जणांना ते वाचता आले असेल? ज्यांना वाचता आले असते ते क्लबांच्या भागात राहत नव्हते, गोद्यांजवळच्या लाइमहाउसमध्ये राहत होते.

शोशो दोन अटीही घालते. पोशाख मी सांगेन तोच, आणि वाद्य वाजवायला जिमच हवा. जिम हा तिचा चिनी साथीदार. मित्र की प्रियकर, हे चित्रपट मुद्दाम धूसर ठेवतो. पोशाख घ्यायला ती विल्मॉटला लाइमहाउसमधील दुकानात नेते. तो कसा दिसतो हे दाखवण्यासाठी जिमला तो अंगावर चढवायला लावते. मालक पाहतो, शोशो पाहते, आणि जिम बाईच्या पोशाखात मान खाली घालून उभा राहतो. प्रेक्षकांनी हसावे अशी ही जागा. तिच्याकडे आपल्याला परत यायचे आहे.

आता त्या प्रसिद्ध नाचाविषयी. तो पोशाख चिनी नाहीच. मुकुटाचा घाट सयाम-बालीकडचा, हस्तमुद्रा कुठल्याशा कल्पित पूर्वेकडच्या. लंडनच्या क्लबातील प्रेक्षकाला चीन, सयाम आणि जावा यांत फरक करण्याची गरज नव्हती, आणि निर्मात्यांनाही नव्हती. लॉस एंजेलिसच्या लाँड्रीवाल्याची, अमेरिकन उच्चारात इंग्रजी बोलणारी मुलगी इथे ‘पूर्व’ नावाच्या एका अफवेचे प्रतिनिधित्व करते आहे. तरीही तो नाच टिकतो, कारण वाँगला स्थिर राहण्याची कला अवगत होती. गिल्डा ग्रे सगळे अंग हलवते आणि विसरली जाते. वाँग मनगट वळवते आणि दालन गप्प होते.

यश मिळाल्यावर शोशो विल्मॉटला घेऊन लाइमहाउसच्या एका मद्यगृहात जाते आणि ही आमची पिकॅडिली, अशा अर्थाचे काही त्याला सांगते. गर्दी, धूर, धक्काबुक्की. या गर्दीत एक गौरवर्णीय बाई एका कृष्णवर्णीय पुरुषाबरोबर नाचू लागते. गुत्त्याचा मालक धावत येतो, नाच थांबवतो, माणसाला दटावतो. बाई भांडते, सगळ्यांना जाब विचारते, आणि शेवटी तिला बाहेर काढले जाते. या दोघांचा मूळ कथेशी काहीही संबंध नाही. ते आधी दिसत नाहीत, नंतरही दिसत नाहीत. कॅमेरा मात्र परतून शोशो आणि विल्मॉटच्या चेहऱ्यांवर येतो. दोघे पाहत असतात. दोघांनाही कळलेले असते. काही न बोलता ते उठून निघतात.

या दृश्याचा अर्थ लागण्यासाठी आपल्याला दहा वर्षे मागे जायला हवे. पहिले महायुद्ध संपले आणि १९१९ साली लिव्हरपूल, कार्डिफ, लंडन अशा ब्रिटिश बंदरांत वांशिक दंगली उसळल्या. कृष्णवर्णीय, अरब, चिनी आणि हिंदी खलाशांवर, त्यांच्या वसतिगृहांवर हल्ले झाले. परतलेल्या सैनिकांना काम नव्हते, हे एक कारण. दुसरे कारण वर्तमानपत्रे उघडपणे लिहीत होती: या परक्यांनी गोऱ्या बायकांशी संबंध ठेवले आहेत. १९२५ साली सरकारने आणखी एक आदेश काढून, ब्रिटिश प्रजाजन असल्याचा कागदोपत्री पुरावा न देऊ शकणाऱ्या ‘वर्णीय’ खलाशांना परकीय म्हणून नोंद करायला लावली. गुत्त्यातील ते दीड-दोन मिनिटांचे दृश्य या पार्श्वभूमीवर चित्रित झाले आहे. त्यात अतिशयोक्ती नाही, उलट संयमच आहे.

इथे कोकणाचा एक धागा जुळतो. आगबोटींवर राबणाऱ्या हिंदी खलाशांना इंग्रज ‘लास्कर’ म्हणत. त्यांत रत्नागिरीकडचे कोकणी मुसलमान पुष्कळ होते, आणि पी अँड ओ कंपनीच्या बोटींवर खानपानाची कामे गोव्याच्या ख्रिस्ती खलाशांकडे असत. बोट लंडनला लागली की ही माणसे गोद्यांच्या याच भागात उतरत. १८५७ साली आशियाई व आफ्रिकी खलाशांसाठी उघडलेले ‘स्ट्रेंजर्स होम’ लाइमहाउसमध्येच वेस्ट इंडिया डॉक रस्त्यावर होते. म्हणजे ज्या वस्तीला चित्रपट ‘चिनी लाइमहाउस’ म्हणून दाखवतो, तिथे चिनी माणसे काही शेच असत आणि त्यांच्या शेजारी आपले राजापूर-दाभोळकडचे कोणीतरी भाताचे पातेले चुलीवर ठेवून बसलेले असे. कादंबऱ्यांना आणि चित्रपटांना लाइमहाउसमध्ये अफू, सुरा आणि कट हवा होता. सॅक्स रोमरचा फू मांचू १९१३ पासून लोकांच्या डोक्यात बसलेला होता, आणि टॉमस बर्कच्या कथांनी या गल्ल्यांवर धुक्याची गोधडी पांघरली होती. पगाराची वाट पाहणारा, घरी मनिऑर्डर करणारा खलाशी या कथांच्या कामाचा नव्हता. ‘पिकॅडिली’तही त्याची कथा नाही.

मद्यगृहातून शोशो विल्मॉटला आपल्या नव्या घरी नेते. ती कोचावर रेलते, तो झुकतो, चेहरे जवळ येतात, आणि दृश्य तिथेच तुटते. चुंबन नाही. गोऱ्या पुरुषाने चिनी स्त्रीवर आसक्त व्हावे, तिच्यासाठी प्रतिष्ठा पणाला लावावी, तिच्या घरी मध्यरात्री जावे, इथपर्यंत चालते. ओठ मात्र टेकता कामा नयेत. असे संबंध ब्रिटिश सेन्सॉरच्या नजरेत आक्षेपार्ह होतेच, पण अमेरिकेतील चित्रपटगृहांचे दारही उघडे ठेवायचे होते. वाँगच्या स्वतःच्या कॅलिफोर्निया राज्यात गोऱ्यांशी तिच्यासारखीचा विवाह कायद्यानेच निषिद्ध होता, आणि तो निर्बंध १९४८ पर्यंत टिकला.

तुलनेसाठी त्याच वर्षीचा दुसरा मूकपट घ्या: ‘प्रपंच पाश’. जर्मन दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, निर्माते हिमांशु राय, कथाबीज महाभारतातील द्यूताचे, चित्रीकरण भारतात, आणि ब्रिटिश व जर्मन भांडवलाचा हात. त्यात चारू रॉय आणि सीतादेवी हे नायक-नायिका एकमेकांचे चुंबन घेतात, आणि कोणाच्याही भुवया उंचावत नाहीत. दोघेही एकाच बाजूचे ना! म्हणजे १९२९ साली आक्षेप चुंबनाला नव्हता. दोन पात्रांच्या मधून जाणाऱ्या रेषेला होता. हे समजले की ‘जुना काळ सोवळा होता’ हे सोपे उत्तर हातातून निसटते.

याच ‘प्रपंच पाश’ची सीतादेवी म्हणजे रेने स्मिथ, एक अँग्लो-इंडियन युवती. तिला भारतीय राजकन्या होण्यासाठी नाव बदलावे लागले. त्याच सुमारास मुंबईच्या मूकपटांची सम्राज्ञी होती सुलोचना, म्हणजे पुण्यात जन्मलेली ज्यू मुलगी रूबी मायर्स. तेव्हा लंडनकडे बोट दाखवताना थोडे आपल्या अंगणातही पाहावे. आपल्या पडद्यानेही परक्या ठरवलेल्या मुलींचे चेहरे घेतले आणि नावे दारात ठेवायला लावली. मात्र एक फरक नोंदवायलाच हवा. सुलोचनेच्या नायिका प्रेम करू शकत होत्या, संसार करू शकत होत्या. शोशोला ती मुभा नाही.

कारण शोशोचा खून होतो. मेबल तिच्या घरी येते, विल्मॉटला सोडून दे म्हणून विनवते. शोशो नकार देते, तोही खास तिच्या धारदार पद्धतीने: तो माझ्यासाठी म्हातारा नाही, तूच त्याच्यासाठी म्हातारी झाली आहेस, या आशयाचे उत्तर. मेबलच्या पर्समध्ये पिस्तूल दिसते. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत खुनाची बातमी. संशय विल्मॉटवर, मग मेबलवर. मेबल सांगते, मला घेरी आली, पुढचे आठवत नाही. आणि अखेरीस उलगडा होतो की खून जिमने केला. तो शोशोच्या शवाजवळ स्वतःवर गोळी झाडतो.

माझा या चित्रपटावरचा खरा आक्षेप इथे आहे, आणि बहुतेक चर्चांत तो येत नाही. शोशो मरते याची सगळे हळहळ करतात. पण मारले कोणी, याकडे पाहा. मत्सराचे सर्व कारण मेबलपाशी, मोहाचे सर्व ओझे विल्मॉटपाशी, आणि पिस्तूलही मेबलपाशी. कथा दीड तास या दोघांची कोंडी बांधत आणते आणि शेवटच्या क्षणी ती गाठ तिसऱ्याच्याच गळ्यात टाकते. एका चिनी माणसाने एका चिनी मुलीला मारले आणि स्वतःही मेला. लंडनच्या पश्चिम भागातील क्लब पुन्हा स्वच्छ! बशीवरच्या डागाने सुरू झालेल्या चित्रपटाने डाग शेवटी पुन्हा तळघरातच पाठवून दिला.

आणि जिम? त्याला बाईच्या पोशाखात उभे केले गेले, कोपऱ्यात वाद्य वाजवायला बसवले गेले, आपल्या माणसाला दुसऱ्याच्या गाडीत बसताना पाहायला लावले गेले. त्याला मोठी संवादपाटी मिळत नाही, नाच मिळत नाही, निकट छायाचित्रणाचा लखलखाटही मिळत नाही. मिळतो तो फक्त गुन्हा. पूर्वेकडच्या स्त्रीला मादक आणि पूर्वेकडच्या पुरुषाला आधी हास्यास्पद, मग घातक ठरवायचे, ही त्या काळची युरो-अमेरिकन दुपदरी रीत या एका पात्रात पूर्ण दिसते. शोशोच्या बाजूने आज पुष्कळ लिहिले जाते, ते योग्यच आहे. जिमच्या बाजूने लिहिणारे थोडे. ज्या दुकानातल्या दृश्यावर तेव्हा प्रेक्षक हसले असतील, त्याच दृश्यात खुनाचे खरे कारण पेरलेले आहे, हे ड्युपाँला कळत होते असे मला वाटते. त्याने कॅमेरा जिमच्या चेहऱ्यावर हसू फुटण्यास लागतो त्याहून जरा अधिक वेळ ठेवला आहे.

यावर कोणी म्हणेल, १९२९ च्या चित्रपटाला आजच्या कसोट्या का लावता? प्रश्न रास्त आहे, पण इथे गैरलागू आहे. कसोटी चित्रपटानेच पुरवली आहे. गुत्त्यातील ते दृश्य कथेला नको होते. ते कापले असते तरी कथानकाचा एक टाका उसवला नसता. तरीही ते ठेवले गेले. हा नियम अस्तित्वात आहे, तो क्रूर आहे आणि माणसे तो मोडू पाहतात, हे निर्मात्यांना ठाऊक होते याचा तो पुरावा आहे. ठाऊक असूनही पुढच्याच घटकेला त्यांनी तोच नियम स्वतः पाळला: ओठ जवळ आले आणि दृश्य तुटले. गुत्त्याच्या मालकाने केले तेच संपादकाच्या कात्रीने केले. म्हणूनच मला हा चित्रपट त्या काळातील निव्वळ पूर्वग्रहदूषित चित्रपटांपेक्षा अधिक अस्वस्थ करणारा वाटतो, आणि अधिक मोलाचाही.

पुढचे थोडक्यात. १९२९ साली वाँग लंडनच्या रंगभूमीवर लॉरेन्स ऑलिव्हिएसमवेत ‘द सर्कल ऑफ चॉक’ या नाटकात आली. समीक्षकांनी तिच्या अमेरिकन उच्चारांची टर उडवली, कारण चिनी दिसणाऱ्या बाईने कसे बोलावे याची त्यांची कल्पना वेगळी होती. जिद्दीने तिने उच्चारांची शिकवणी लावली, जर्मनही उत्तम आत्मसात केली. अमेरिकेत परतल्यावर १९३१ साली फू मांचूचीच कन्या होऊन तिला पुन्हा मरावे लागले. १९३२ च्या ‘शांघाय एक्सप्रेस’मध्ये ती मार्लेन डीट्रिखसमोर तोलामोलाने उभी राहिली. मग आला ‘द गुड अर्थ’: चीनमधील शेतकरी कुटुंबाची कथा, १९३७ साली प्रदर्शित. नायिका ओ-लानच्या भूमिकेवर वाँगचा हक्क सर्वांना दिसत होता. पण नायक म्हणून पॉल म्युनी हा गौरवर्णीय नट ठरला होता, आणि पडद्यावरील पत्नी खरोखरची चिनी असती तर पुन्हा तीच रेषा ओलांडली गेली असती. भूमिका लुइझ रायनर हिला मिळाली आणि तिला ऑस्करही मिळाले. वाँगपुढे त्याच चित्रपटातील दुष्ट रखेलीची भूमिका ठेवण्यात आली. तिने ती नाकारली आणि १९३६ मध्ये आयुष्यात प्रथमच चीन पाहायला निघून गेली. १९६१ साली तिचे निधन झाले.

‘पिकॅडिली’ची मूळ रंगछटांसह दुरुस्त केलेली प्रत ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने या शतकाच्या आरंभी तयार केली. ती पाहायला मिळाली तर शेवटचा प्रसंग चुकवू नका. जिम मेलेला आहे, खटल्याचा उलगडा झाला आहे. रस्त्यावर एक माणूस वर्तमानपत्र घेतो. मथळा शोशोच्या प्रकरणाचा आहे. तो पान उलटतो आणि घोड्यांच्या शर्यतीचा निकाल शोधू लागतो. मागून पुढच्या खेळाची जाहिरातफळी अंगावर अडकवलेला एक फिरता मनुष्य निघून जातो, आणि पिकॅडिलीच्या बसगाड्या आपापल्या मार्गाने धावत राहतात.

पुढील धागा ‘प्रपंच पाश’वर: फ्रान्झ ऑस्टेन म्युनिकहून मालाडच्या बॉम्बे टॉकीजपर्यंत कसा पोचला, आणि १९३९ साली महायुद्ध सुरू होताच त्याच्यावर काय गुदरले.